कोमट पाण्यात विरघळलेलं

४ मार्च

चिंगे,

चार वर्षांनी पत्र आलं म्हणजे कोणीतरी मेलं असणार, असं तुला वाटेल. कोणी मेलेलं नाही. आई धडधाकट आहे, दोन वेळा जेवते आणि दिवसभर बोलते. मीही आहे तशीच आहे. म्हणजे वाईटच.

परवा लॅबमध्ये एक गोष्ट घडली, तेवढी सांगायला लिहिते आहे. आमच्याकडे नवी डॉक्टरीणबाई आली आहे. वयाने माझ्या लेकीएवढी, आवाज न करता मागे येऊन उभी राहते. परवा एका तान्ह्या बाळाची लघवी तपासायला आली. नळीच्या तळाशी विटकरी गाळ होता. असा गाळ आम्ही रोज दहा वेळा बघतो. नमुने फ्रिजमध्ये राहिले की थंडीने क्षार खाली बसतात आणि मायक्रोस्कोपखाली सगळं गढूळ दिसतं. त्यावर आमचा जुना उपाय म्हणजे नळी कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी करायची. गाळ विरघळतो. मग रिपोर्टवर ‘विशेष काही नाही’ लिहायचं आणि पुढची नळी उचलायची. मला हे माझ्या वरच्या बाईंनी शिकवलं, मी माझ्या हाताखालच्या सहाजणींना शिकवलं.

मी नळी भांड्यात ठेवली आणि हिने माझं मनगट धरलं.

“हा नमुना फ्रिजमधला आहे का?”

“नाही, आत्ताच आलाय. बाळाची आई बाहेर बसलीय.”

“मग ताज्या लघवीत एवढा गाळ कसा? आणि तो तुम्ही घालवताय कशाला, मावशी?”

मावशी म्हणाली मला. तीस वर्षं नोकरी करून मी मावशी झाले. पण राग यायलाही वेळ मिळाला नाही, कारण तोवर मला तुझी आठवण झाली होती. तुझा गबदू आठ महिन्यांचा होता. तू त्याच्या लंगोटावरचा नारिंगी डाग दाखवायला आली होतीस. नखाने खरवडलं तर रेतीसारखं हाताला लागत होतं. लघवीची बाटली तू घरून मुठीत धरून आणली होतीस, मी घेतली तेव्हा ती कोमट होती. फ्रिजचा प्रश्नच नव्हता. तरी मी सवयीने ती नळी भांड्यात ठेवली, गाळ गेला, आणि तुला म्हटलं, “काही झालेलं नाही. पाणी कमी पाजतेस. आईपण नीट शिकून घे.”

डॉक्टरीणबाईने मला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. आपल्या प्रत्येक पेशीत प्युरिन म्हणून एक माल असतो. पेशी जुनी झाली की शरीर तो मोडतं, पण टाकून देत नाही, त्यातला बराचसा पुन्हा वापरायला घेतं. जुन्या घराच्या विटा नव्या भिंतीत लावाव्या तसं. हे काम करणारं एक द्रव्य काही मुलांमध्ये जन्मापासून नसतं. मग सगळ्या विटांचा चुरा होतो, त्याला युरिक ॲसिड म्हणतात, आणि तो लघवीतून रेती होऊन पडतो. मूतखडे होतात, सांधे सुजतात, मूत्रपिंडं झिजतात. आणि मेंदूत असं काहीतरी बिघडतं की मूल स्वतःचेच ओठ आणि बोटं चावायला लागतं. ते का, हे अजून कोणालाच धड कळलेलं नाही. तिने फोटो दाखवले. तिसरा फोटो बघून मी बाथरूममध्ये जाऊन ओकले.

गबदूला जन्माचं काहीतरी निघालं असं माझ्या कानावर आलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, आता आजाराचं निमित्त शोधलंय. मी हे बोलले होते, ते तुझ्यापर्यंत पोचलंही असेल.

त्याच्या रक्ताची तपासणी झाली असेल, तर दोष नेमका कुठे आहे ते त्या रिपोर्टात लिहिलेलं असतं. एक प्रत पाठवशील का? आमच्या डॉक्टरीणबाईला अभ्यासाला हवी आहे.

लेक बरी आहे. हल्ली तिला वास सहन होत नाहीत, एवढंच.

ताई

१२ मार्च

चिंगे,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी मी आठ दिवस दारातल्या पेटीत हात घालून बघते आहे. काल त्यात झुरळ होतं.

रविवारी आईला विचारलं. ती पलंगावर बसून पायाची नखं कापत होती. मी म्हटलं, “आई, तुझ्या माहेरी कोणी असं होतं का? स्वतःला चावणारं?”

ती नख कापता कापता म्हणाली, “माझा धाकटा भाऊ. ओठ खायचा. हात बांधून ठेवायचे त्याचे.”

“मग?”

“मग काय, नवव्या वर्षी गेला.”

“हे तू चिंगीला का नाही सांगितलंस? गबदू तुझ्या डोळ्यांसमोर बोटं चावत होता.”

“मला कोणी विचारलं नाही. आणि तुमच्या दोघींची लग्नं व्हायची होती तेव्हापासून तोंड बंद ठेवलं, ते ठेवलं. अशा गोष्टी घरातून बाहेर गेल्या की मुली घरात राहतात.”

पुढे तिने सगळी नखं गोळा करून कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली, टाकून ये म्हणाली. चिंगे, तो कागद हातात धरून मला अशी शिसारी आली की काय सांगू. हिने तुझ्यासमोर बसून, सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं ना, “पोराला हिच्या हाताचा धाक बसलाय, म्हणून स्वतःला ओरबाडतो.” मी तेव्हा मान डोलावली होती. तिला माहीत होतं गं. शंभर टक्के माहीत होतं. आणि ती आपली आई आहे, रोज तिला चहा मलाच द्यावा लागतो. मी देते. साखर पण घालते.

आता खरं सांगते. डॉक्टरीणबाईला अभ्यासाला काही नको आहे, ती थाप होती. लेकीला दहावा आठवडा लागलाय. हा दोष बाईच्या अंगात गुपचूप बसतो, तिला स्वतःला काही होत नाही. तिला मुलगा झाला तर निम्म्या वेळा तो आजारी निघतो, मुलगी झाली तर तीही निम्म्या वेळा तेच पुढे नेते. तुझ्यात तो आईकडून आला. माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्यात असला तर लेकीत असू शकतो. लेकीत असला तर तिच्या पोटात आहे त्याच्यातही असू शकतो.

डॉक्टरीणबाई म्हणते, गबदूचा रिपोर्ट मिळाला तर नेमकं कुठे बघायचं ते कळेल, दहा दिवसांत उत्तर देता येईल. नाहीतर सगळं चाळत बसावं लागेल, त्याला दोन-अडीच महिने जातील आणि तोवर लेकीच्या हातात काही उरणार नाही. म्हणजे मला हा कागद महिनाअखेर हवा.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं तू म्हणशील. म्हण.

ताई

१९ मार्च

चिंगे,

काल लेकीने विचारलं, “मावशीचं काही आलं का?” मी म्हटलं, “पोस्टाचा गोंधळ चालू आहे.” तिने माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिला मी एवढंच सांगितलं आहे की तुझं-माझं आईवरून भांडण झालं. गबदूला ते लोक घेऊन गेले हे तिला माहीत आहे, पण कोणी सांगितलं म्हणून घेऊन गेले ते माहीत नाही.

तुला अर्थात माहीत आहे. तक्रारीखाली सही माझी होती आणि त्यांनी ती तुला वाचून दाखवली होती. पण मी ती का केली, हे तुलाही माहीत नसेल. मी सगळ्यांना सांगत फिरले की मुलाची काळजी वाटली. दाराच्या फटीतून बघितलं, चार वर्षांच्या पोराचे हात मोज्यांत घालून खुर्चीला बांधलेले, ओठ फुटलेला, हनुवटीवर रक्त. कोणाचंही काळीज हललं असतं, असं मी म्हणायचे आणि लोक हळहळायचे. मला ते आवडायचं.

खरं असं आहे की मला गबदूची किळस यायची. त्याची लाळ, त्या ओठावरची सालं, अंगाचा आंबूस वास. तो थुंकायचा आणि लगेच रडत “सॉरी, सॉरी” म्हणायचा, त्याची सुद्धा. एकदा माझ्या तोंडावर थुंकला तर मी घरी येऊन तीनदा साबण लावला. आणि त्याच महिन्यात लेकीला बघायला तिच्या सासरचे येणार होते. तू म्हणालीस, “मी गबदूला घेऊन येईन हं, त्याला माणसं आवडतात.” ती माणसं त्याला बघून काय म्हणतील? घराण्यात काय आहे असं विचारतील. तुला येऊ नकोस म्हणायची हिंमत नव्हती, तू भांडली असतीस. म्हणून बालकल्याणच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. मला वाटलं, चौकशी लागेल, तू आठवडाभर त्यात अडकशील आणि बघण्याचा कार्यक्रम पार पडेल. ते त्याला उचलून नेतील असं मला वाटलं नव्हतं. पण नेलं तेव्हाही मी अर्ज परत घेतला नाही, कारण पाहुणे शनिवारी यायचे होते.

मी तुझ्या घराबाहेरून, खिडकीतून बघत होते. त्यांनी त्याचे हात सोडले तेव्हा तो किंचाळायला लागला. सगळ्यांना वाटलं, बिचारा घाबरलाय. तो “बांध, आई, बांध” म्हणत होता. मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांच्यातल्या बाईने खिडकीशी येऊन मला विचारलं, “काय म्हणतोय हो?” आणि मी म्हटलं, “काही कळत नाही त्याचं बोलणं.”

डॉक्टरीणबाईने परवा सांगितलं की ही मुलं स्वतःच हात बांधून मागतात. त्यांना दुखतं, त्यांना चावायचं नसतं, पण हात मोकळे असले की त्यांचं त्यांच्यावर चालत नाही. बांधलं की शांत होतात, हसतात. तू कुठल्याही पुस्तकाशिवाय ते ओळखलं होतंस. आणि मी, तीस वर्षं लोकांच्या रक्ता-लघवीत डोकं घातलेली, तुला राक्षसीण ठरवून आले.

अकरा दिवस त्याला मोकळं ठेवलं त्यांनी. चांगल्या मनाने ठेवलं. त्याचा खालचा ओठ आणि डाव्या हाताच्या बोटाचं टोक त्या अकरा दिवसांत गेलं. बघण्याचा कार्यक्रम छान झाला. मी जांभळी साडी नेसले होते.

हे वाचून तू कागद पाठवणार नाहीस, हे मला समजतं. तरी लिहिलं, कारण अर्धवट सांगून मागत राहिले तर ते आणखीनच घाण होईल. माझ्यावर दया करू नकोस. लेकीवर कर, तिने तुझं काही वाकडं केलेलं नाही. लहानपणी ती तुझ्याच कुशीत झोपायची.

ताई

२७ मार्च

चिंगे,

कुरिअर मिळालं.

वरचं पाकीट फोडलं तर आत दुसरं पाकीट. जुनं, कडा पिवळ्या पडलेल्या, अजून बंद. त्यावर माझा पत्ता तुझ्या अक्षरात, आणि त्याच्यावर आडवं, लाल पेनने, माझ्या अक्षरात लिहिलेलं: ‘घ्यायचं नाही. परत पाठवा.’ खाली पोस्टाचा शिक्का, साडेतीन वर्षांपूर्वीचा. मला आठवलं सुद्धा नाही, चिंगे. पोस्टमनच्या हातातून घेऊन, त्याच्याच पाठीवर टेकवून लिहिलं असेल आणि आत जाऊन जेवले असेन.

लेक समोरच उभी होती. तिने माझ्या हातातून घेऊन ते फोडलं. आत गबदूचा पूर्ण रिपोर्ट आणि तुझी चिठ्ठी. तिने ती मोठ्याने वाचली. तू लिहिलं होतंस:

‘ताई, गबदूचा आजार कळला. प्युरिनचा दोष आहे, आईच्या बाजूने येतो. तुझ्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही, पण हे त्याच्यापलीकडचं आहे. लेकीला मूल व्हायच्या आधी तिची तपासणी करून घे. रिपोर्ट जोडला आहे, त्यावरून लगेच कळेल. नमुना कुठे द्यायचा तेही खाली लिहिलं आहे. तिला माझ्याबद्दल सांगू नकोस हवं तर, पण तपासणी कर.’

तारीख बघितली. गबदू घरी परत आल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. म्हणजे त्याच्या ओठाची जखम भरली असेल-नसेल, आणि तू माझ्या मुलीची काळजी करत बसली होतीस.

लेक मला म्हणाली, “आई, हे परत का पाठवलंस?”

मी म्हटलं, “तेव्हा आमचं बोलणं नव्हतं.”

“का नव्हतं?”

मग मी सांगितलं. अर्ज, पाहुणे, अकरा दिवस, सगळं. संपल्यावर ती बेसिनपाशी गेली आणि ओकली. हल्ली ती ओकतेच, पण हे ते नव्हतं. तोंड धुऊन म्हणाली, “म्हणजे माझ्या लग्नासाठी.” मी हो म्हटलं. तिने तुझा रिपोर्ट आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, नवऱ्याला फोन करून बोलावलं आणि गेली. दारात आईला नेहमीसारखी वाकलीही नाही. आई मला म्हणते, “हिला काय झालं एवढं?” मी म्हटलं, “काही नाही, तू टीव्ही बघ.”

रिपोर्ट डॉक्टरीणबाईला लेकीनेच नेऊन दिला. माझं रक्तही घेतलं. हाताखालच्या मुलीने घेतलं, तिसऱ्यांदा सुई लागली.

ताई

२९ एप्रिल

चिंगे,

निकाल सात तारखेला आला. मी दोष घेऊन जन्मले आहे. लेकीत तो नाही. तिच्या पोटातलं मूल मुलगा असो, मुलगी असो, त्याला हे होणार नाही. लेकीने मला फोनवर दोन वाक्यांत सांगितलं आणि ठेवला.

मी लॅबच्या जिन्यात खाली बसले आणि हसले. सुटलो, असं मोठ्याने म्हणाले. मग चहा प्यायले, सगळ्यांना बिस्किटं वाटली, आणि ठरवलं की संध्याकाळी घरी जाऊन तुला कळवायचं.

आज बावीस दिवस झाले.

या बावीस दिवसांत मी पडदे धुतले. आईचा चष्मा बदलून आणला. एका सहकारिणीच्या निवृत्तीचं भाषण लिहिलं. महिनाभर मी तुला आठवड्याला पत्र लिहीत होते, जागेपणी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि सात तारखेनंतर तू माझ्या डोक्यातून साफ गेलीस. गरज सरो, वैद्य मरो. काल निवृत्तीच्या कार्यक्रमात त्या बाई माझ्याबद्दल म्हणाल्या, “हिच्यासारखी मायाळू बाई मी बघितली नाही,” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही हात जोडले. तेव्हा अचानक माझी मलाच अशी घाण वाटली की मी पुढचं जेवण न जेवता निघाले.

आज सकाळी रजा टाकून बालकल्याणच्या कचेरीत गेले. तोच जिना, तीच भिंतीला टेकवलेली लाकडी बाकं. तिथल्या साहेबांना म्हटलं, मी चार वर्षांपूर्वी एक तक्रार केली होती, ती खोटी होती, मला तसं लेखी द्यायचं आहे. ते म्हणाले, “आता कशाला, बाई? ती फाइल बंद आहे.” मी विचारलं, “बंद म्हणजे, कोणाला दिसत नाही?” ते म्हणाले, “तसं नाही. मुलाला दवाखान्यात नेलं, अंगावर जखम दिसली, की दवाखान्यातून आमच्याकडे विचारणा येते. मग आम्ही जुनी नोंद कळवतो आणि ते आईला वेगळं बसवून चौकशी करतात. नियमच आहे तो.”

“किती वेळा आली अशी विचारणा?”

त्यांनी फाइल उलटली. “सोळा.”

सोळा वेळा, चिंगे. तो रक्ताने माखलेला आणि तुला वेगळ्या खोलीत बसवून विचारायचे, तुम्ही काय केलंत. ते माझ्या सहीवर. आणि चार पत्रांत मला हे विचारायचं सुचलं नाही, कारण मी कागद मागण्यात गुंतले होते.

मी तिथेच बसून लिहून दिलं. खरं कारणही लिहिलं, पाहुण्यांचं. साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे न बघता शिक्का मारला. म्हणाले, खोट्या तक्रारीबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते. मी म्हटलं, व्हायला हवी. त्यांनी तुझ्या फाइलमधली नोंद काढायचा आदेश काढला आहे. त्याची प्रत आणि माझ्या जबाबाची प्रत सोबत ठेवली आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात कोणी विचारलं तर त्यांना ती दाखव.

गबदूच्या लघवीच्या त्या नमुन्याबद्दलही लॅबच्या मोठ्या डॉक्टरांना लेखी दिलं आहे. आठ महिन्यांचा असताना कळलं असतं तर युरिक ॲसिड कमी करणारी गोळी तेव्हाच सुरू झाली असती आणि रिपोर्टात निकामी म्हटलेलं त्याचं उजवं मूत्रपिंड वाचलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. चावणं थांबलं नसतं. हे तुला बहुतेक ठाऊक आहे. मला सांगायला हवं म्हणून सांगितलं.

लेक रविवारी तुझ्याकडे येऊन गेली असं तिच्या नवऱ्याकडून कळलं. गबदू तिला बघून हसला म्हणे. मी यायचं विचारत नाही.

लेकीचं काम झालं. मला आता तुझ्याकडून काहीही नको आहे, कागद नको, उत्तर नको. आधीच्या प्रत्येक पत्रात मला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांत लिहिलेलं धरू नकोस.

चिंगे, मला माफ कर.

ताई